रंगूनमधले पंचवीस दिवस

लोकमान्य टिळकांनी ज्या ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षे काढली, त्या देशात १९८८ साली लोकांनी सरकार जवळजवळ उलथवले होते.

आदल्या सप्टेंबरात जनरल ने विन यांच्या राजवटीने २५, ३५ आणि ७५ क्यातच्या नोटा रद्द केल्या आणि बदल्यात छदामही दिला नाही. घरोघरची पुंजी मातीमोल झाली. मार्चमध्ये रंगूनच्या एका चहाच्या दुकानात भांडण झाले, त्यातून विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. जुलैत ने विन पायउतार झाले. सैन्य गोळी झाडते ती हवेत नव्हे, असे जाता जाता बजावून गेले. ८ ऑगस्टला देशभर संप झाला. रस्त्यांवर रक्त सांडले, तरी लोक मागे हटले नाहीत.

२४ ऑगस्टला लष्करी कायदा उठला. सैनिक रस्त्यांवरून हटले आणि पुढचे पंचवीस दिवस विलक्षण गेले. कचेऱ्या ओस पडल्या. गल्लोगल्ली भिक्खू आणि विद्यार्थ्यांच्या समित्या उभ्या राहिल्या. बांबूचे अडसर घालून त्या रात्रभर पहारा देत. सरकार नावापुरते उरले होते.

मग ते पडले का नाही?

लष्कर फुटले नाही. हवाई दलाचे काही जवान गणवेशात मोर्चात आले, लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. पण एकाही बड्या सेनापतीने बाजू बदलली नाही. दोनच वर्षांपूर्वी फिलिपिन्समध्ये संरक्षणमंत्री एन्रिले आणि जनरल रामोस फुटले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांना चार दिवसांत देश सोडावा लागला होता. ब्रह्मदेशात १९६२ पासून सैन्य हेच सरकार होते. अधिकाऱ्याचा पगार, घर, बढती, सगळे त्याच दावणीला बांधलेले. राजवट गेली तर आपले काय, ही धास्ती प्रत्येकाला होती.

विरोधकांकडेही एक नाव नव्हते. माजी पंतप्रधान ऊ नू यांनी ९ सप्टेंबरला समांतर सरकार जाहीर केले. चळवळीच्या नेत्या आंग सान सू ची त्यात गेल्या नाहीत. या फुटीचा दोष रस्त्यावरच्या तरुणांना देणे अन्यायाचे होईल. सव्वीस वर्षे ज्यांना संघटना बांधू दिली नाही, त्यांनी ती तीन आठवड्यांत कुठून आणावी?

१८ सप्टेंबरला जनरल सॉ माउंग यांनी सत्ता हाती घेतली आणि हजारो विद्यार्थी थायलंडच्या सीमेवरच्या जंगलात निघून गेले. मे १९९० मध्ये निवडणूक झाली. नजरकैदेतल्या सू चींच्या पक्षाने ३९२ जागा जिंकल्या. ती संसद कधी भरलीच नाही.