ठगी: साक्ष कोणाची?



ठगांच्या गोष्टी तुम्हाला मी काय सांगायच्या! वाटेत गोड बोलून सोबत करायची, मुक्कामाला रुमालाने गळा आवळायचा आणि प्रेत पुरून ऐवज वाटून घ्यायचा. हे सगळं तुम्ही शाळेपासून ऐकलंय. माझा प्रश्न एवढाच, की हे सांगितलं कोणी?

माफीच्या साक्षीदारांनी. १८३०च्या सुमारास जबलपूरकडे कंपनी सरकारचा अधिकारी स्लीमनसाहेब, त्याने धरलेले ठगच बोलू लागले. फिरंगिया त्यातला नामांकित. बोललास तर फाशी टळेल, असा सौदा. तेव्हा खून झालेच नाहीत का? झाले. साक्षीदारांनी दाखवलेल्या जागी प्रेतं निघाली. पण देवीची आज्ञा, देशभर पसरलेला गुप्त पंथ हा पसारा बराचसा त्यांच्याच तोंडचा. त्यात १८३९ साली मेडोज टेलरची ठगांवरची कादंबरी आली, मग काय विचारता!

१८३६चा ठगीविरोधी कायदा बघा. अमक्याने तमक्याला मारलं, हे सिद्ध करायची गरजच नाही. ठगांच्या टोळीत होता, मग तो कायद्याच्या आधी का असेना, एवढं ठरलं की जन्मभर सक्तमजुरी. आणि ओळखायचा कोणी? पुन्हा तोच, माफीचा साक्षीदार! हे लक्षात ठेवा, म्हणून दोनदा सांगतो.

घरात बरणीवर चिठ्ठी असते ना, ‘ठेचा’ म्हणून? ठेचा संपतो, बरणी धुऊन आत मोरावळा भरतात, पण चिठ्ठी तशीच. पोरं हात लावत नाहीत. ‘ठग’ ही चिठ्ठीही तशीच. स्लीमनने ठगांच्या वंशावळी लिहून घेतल्या, म्हणजे शेजारच्या बरण्यांनाही चिठ्ठ्या लागल्या. १८७१ला गुन्हेगार जमातींचा कायदा आला, तेव्हा अख्ख्या फळीला लागल्या. पुढे तर कुंभाराकडून यायच्या होत्या त्या बरण्यांनासुद्धा! जन्मलेलं मूलच गुन्हेगार.

हे दूर कुठे नाही घडलं. आपल्या सोलापूरला अशा जमातींना डांबून ठेवणारी, तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. अशाच जमातीतल्या लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन वाचलं नसेल, तर पुस्तकाच्या कपाटाला कुलूप कशाला लावता? त्यातली पोलिसांची... असो, वेळ संपत आल्याचा स्टुडिओतला लाल दिवा लुकलुकतोय. जबलपूरच्या कारखान्यात तंबू विणणाऱ्या ठगांबद्दल बोलायचं राहिलंच.

गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२च्या ऑगस्टअखेर गेला. चिठ्ठी काही ठिकाणी अजून आहे. तेव्हा नातवंडांना रुमालाची गोष्ट जरूर सांगा, पण ती कोणी, कशाच्या भीतीने सांगितली, तेही त्याच बैठकीत सांगा.