अन्यत्र उपस्थितीचा बचाव

‘गुन्हा घडला तेव्हा आरोपी तेथे नव्हताच’ हा बचाव न्यायालय कसा पारखते, याचा वस्तुपाठ अलाहाबादच्या एका खून खटल्यातील अपिलात मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल १९८१ साली दिला. प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांनी आरोपीस ओळखले होते व त्यास फाशीची शिक्षा झाली होती. आपण त्या वेळी नैनीच्या कारखान्यात कामावर होतो, असे त्याचे म्हणणे. तसे साक्षीदारही त्याने उभे केले.

बचावाचा साक्षीदार म्हटला की तो खोटाच, हा समज चावडीपासून कचेरीपर्यंत रुजलेला आहे. न्यायालयाने तो त्याज्य ठरविला. दोन्ही पक्षांच्या साक्षीदारांस एकच माप लावावे, असे बजावले. मात्र ती साक्ष जशीच्या तशी खरी धरली, तरी आरोपी साडेआठला कारखान्यात आणि नऊला घटनास्थळी असू शकत होता. अंतरच तेवढे थोडे! कारखान्यात शिरताना कार्डावर वेळ उमटे. बाहेर पडताना ती उमटवावी लागत नसे. बचाव ढासळला तो येथे. दोषसिद्धी कायम राहिली. फाशीऐवजी जन्मठेप झाली.

अन्यत्र उपस्थिती शाबीत करण्याचा भार आरोपीवर असतो. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही तो तेथेच ठेवला आहे. तथापि हा बचाव फसला म्हणून गुन्हा आपोआप शाबीत होत नाही. तो भार सरकार पक्षाचा, आणि तोही आधी.