पाऊस कमी, तरी आजार का?

(भांडगाव, ता. दौंड इथं केलेलं भाषण. बोललं तसंच लिहून काढलं आहे.)



भीमाशंकरच्या रानात वर्षाला १०० इंचांच्या वर पाऊस पडतो. तीच भीमा खाली दौंडला येते, पण ढग घाटावरच रिकामे होतात. इकडं भांडगावाला जेमतेम २० इंच. म्हणून डोंगरातून इकडं कामाला आलेल्यांना वाटतं, चिखल नाही, डबकी नाही, म्हणजे ताप नाही. तसं नसतंय.

पाऊस कमी तिथं पाणी साठवावं लागतं. पिंप, रांजण, हौद. डेंगीचा डास त्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून आतली कड घासायची. अंडी तिथंच चिकटलेली असतात. वर फडकं बांधायचं. आता चार दिवसांनी पाणी येणाऱ्या वस्तीत बाईनं भरलेलं पिंप ओतायचं कसं, हे सांगायला आलेल्या साहेबाला विचारा.

म्हाताऱ्यांना नारू आठवत असेल. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की पायऱ्यांच्या विहिरीत उतरून घागर भरायची. नारू झालेला पाय पाण्यात बुडाला की किडा पिल्लं सोडायचा. ते पाणी दुसरा प्यायला की वर्षभरानं त्याच्या पायातून दोरा निघायचा. नारूवर लस नव्हती, औषधही नव्हतं. विहिरींच्या पायऱ्या बंद केल्या, हातपंप बसले, लोक पाणी गाळून प्यायला लागले. २००० साली देश नारूमुक्त ठरला.

आपल्या डोंगरात उलटी तऱ्हा. पहिल्या पावसात सगळी घाण झऱ्यात उतरते. त्याच आषाढ-श्रावणात कणगी रिकामी, ओढ्याला पूर, दवाखाना पलीकडं. उपाशी लेकराला हगवण लवकर लागते आन् हगवणीनं ते आणखी खंगतं. १९९३ साली मेळघाटातली मुलं पेपरात आली. पाऊस दरवर्षीचाच होता. घरात दाणा नव्हता.

हगवण लागली तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. घोट घोट पाजत राहा, अंगावरचं दूध तोडू नका. डोळे खोल गेले, लेकरू पीईना, तर थांबू नका, उचला आन् दवाखाना गाठा.

आन् पाऊस लागायच्या आधीच्या ग्रामसभेत टीसीएल पावडरचं विचारा. पोतं कधी आलं? उघडं, ओल्यात पडलेलं असेल तर त्यातला जोर गेलेला असतो. विहिरीत कोण टाकतं, किती टाकतं? उत्तर वहीत लिहून घ्या, खाली सही घ्या.