संस्थापकांचे तैलचित्र
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आपल्या विद्यार्थी वसतिगृहाच्या संस्थापकांचे तैलचित्र सभागृहात लावावे, असा ठराव कार्यकारी मंडळाने केला आहे. चित्रकारास जावयाच्या पत्राचा मसुदा आम्हांस दाखविण्यात आला. वर्ण उजळ असावा, देवीचे व्रण वगळावेत आणि अंगावर भरजरी शाल असावी, अशा तीन सूचना त्यात आहेत. त्यांविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

सांगून करवून घेतलेल्या चित्रात चित्रकारास दोन धनी असतात : एक पैसे देणारा आणि दुसरा समोरचा चेहरा. दोघांचे जुळले नाही म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरण इंग्लंडात घडले. १९५४ साली पंतप्रधान विन्स्टन चर्चिल ह्यांच्या ८० व्या वाढदिवसानिमित्त पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या सभासदांनी ग्रॅहम सदरलंड ह्या चित्रकाराकडून १००० गिनी देऊन त्यांचे चित्र करविले. चर्चिल ह्यांस सरदारी पदवीचा झगा हवा होता. सभासदांस ते नित्याच्या पोशाखात हवे होते. सदरलंड ह्यांनी प्रथम चर्चिल ह्यांस समोर बसवून कोळशाची रेखाटने व तैलरंगातील अभ्यासचित्रे केली आणि त्यांवरून मोठे चित्र सिद्ध केले. वार्धक्य त्यांनी लपविले नाही. ३० नोव्हेंबर रोजी चित्र अर्पण झाले. चर्चिल ह्यांस ते मुळीच रुचले नाही. पुढे त्यांच्या पत्नीच्या इच्छेने ते नष्ट करण्यात आले, ही गोष्ट १९७८ साली जाहीर झाली. काही अभ्यासचित्रे मात्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत जपलेली आहेत.

त्या पत्नीस आम्ही दोष देत नाही. प्रिय माणसाचे थकलेले रूप रोज भिंतीवर पाहणे जड जाते. संस्थापकांच्या कुटुंबीयांची भावनाही तशीच असेल. परंतु आम्ही ह्याच वसतिगृहात वाढलो. पहिल्या रात्री घरच्या आठवणीने रडत असता जो चेहरा कंदिलाच्या उजेडात आमच्यावर वाकला, तो सावळा होता, त्यावर देवीचे व्रण होते आणि अंगात विटलेला कोट होता. त्याच कोटानिशी ते आमच्यासाठी दारोदार धान्य मागत. शालीतला उजळ पुरुष हा कोणी दुसराच गृहस्थ होईल. त्यास आम्ही कोणत्या तोंडाने नमस्कार करावा? आणि आज वसतिगृहात येणाऱ्या गरीब मुलास तो आपला कसा वाटावा?

म्हणून आमची विनंती अशी की, ह्या तीन सूचना गाळाव्यात. चित्रकाराजवळ एक जुने छायाचित्र तेवढे असणार; तेव्हा संस्थापकांस पाहिलेल्या आम्हां वृद्धांपैकी दोघातिघांनी त्यांच्याकडे जाऊन बसावे. प्रथम कोळशाचे रेखाटन मागवावे, ते कुटुंबीयांस दाखवावे, आणि त्यांचे समाधान झाल्यावरच रंगास हात घालू द्यावा. वाद व्हावयाचा तो रेखाटनावर होऊन जावा; भिंतीवर चढलेले चित्र पुन्हा उतरविण्याची वेळ येऊ नये.