पाडो की पाडी?

मालवणकडे गाय व्याली की गोठ्यातून पहिला प्रश्न ऐकू येतो, "पाडो की पाडी?" ओलं वासरू अजून पायांवर धडपडत असतं, गाय त्याला चाटत असते आणि कुणीतरी बत्ती धरून वाकून बघत असतं. पाडी असेल तर पुढे दूध, पाडो असेल तर जोताला बैल.

मालवणीत नराच्या नावाला ओकार लागतो: पाडो, रेडो, बोको, कोंबो. देशावर पाडो-पाडीला गोऱ्हा आणि कालवड म्हणतात. म्हशीचं पिल्लू ते रेडकू किंवा पारडू.

गोऱ्ह्याचं नाव पुढे वयानं आणि कामानं बदलतं. वयात येणारा तो खोंड, पैदाशीसाठी राखलेला तो वळू, खच्ची करून नांगराला जुंपलेला तो बैल. शाळेत आपण 'गाय-बैल' अशी जोडी पाठ करतो, पण गायीचा खरा जोडीदार वळूच. गायीलाही अवस्थेप्रमाणे शब्द आहेत: गाभण, पहिलारू, दूध आटलेली ती भाकड.

आपल्या डोंगरउतारांवर चरणाऱ्या लहानखुऱ्या, काटक गुरांना 2018 साली 'कोकण कपिला' या नावानं स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय मान्यता मिळाली. मला त्याचा फार आनंद झाला. पण चिखलणीला आता पॉवर टिलर येतो आणि पाडो झाला तर घरात पूर्वीसारखी खुशी दिसत नाही, याचं वाईट वाटतं.