आपलं पत्रक आपणच तपासायचं

(पावसाळ्याआधीच्या शिबिरात पत्रक गटाच्या वतीने केलेले भाषण. ज्या पाड्यांतून कुणाला येता आले नाही त्यांच्यासाठी लिहून देत आहोत. ज्याला वाचता येते त्याने पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावे.)



आम्हाला आज पत्रकाबद्दल बोलायला सांगितलं आहे. कुणी म्हणेल, जमिनीचं सोडून कागदाचं काय बोलता? पण आपली जमीन कागदावरच गेली. आपण प्लॉट कसत होतो, तिकडे कागदावर जंगल लिहिलेलं होतं. आता परत मागतोय तेही कागदावरच. म्हणून कागदाबद्दल बोलायला पाहिजे. आणि आज आम्हाला आमच्या स्वतःच्या कागदाबद्दल बोलायचं आहे, कारण त्यात आमच्याकडून चूक झाली.

दिवाळीनंतरच्या अंकात आम्ही अर्जाची माहिती दिली होती. ३१ मार्च १९७८च्या आधीपासून जो जमीन कसतो त्याने अर्जाला काय काय जोडायचं, त्याची यादी. त्यात असं लिहायचं होतं : दंडाची पावती असल्यास जोडावी, ती नसल्यास पाड्यातल्या दोन म्हाताऱ्या माणसांचा जबाब लिहून जोडावा. स्टेन्सिल कापताना तिसऱ्या पानाची शेवटची ओळ खाली गेली. मशीनवर ती उमटलीच नाही. छापून आलं ते एवढंच : "ती नसल्यास". पुढच्या पानावर मोर्च्याची बातमी सुरू.

या अर्ध्या वाक्याने काय झालं ते शेवटी सांगतो. मध्ये मुंबईचं सांगायला पाहिजे, कारण ही चूक आम्हाला पहिल्यांदा मुंबईत कळली होती, आणि आम्ही ती ऐकली नाही.

मोर्च्याला आपण सगळे गेलो होतो. विरारला गाडी बदलून दादर, तिथून चालत. मोर्चा संपल्यावर बाकीचे परत आले. आम्ही पत्रक गटातले चौघे दोन दिवस मागे राहिलो, शाई आणि स्टेन्सिलचा कागद घ्यायचा होता. लालबागला एका चाळीत एका काकांकडे उतरलो. काका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. काका त्यातलेच, ते पुन्हा आत गेले नाहीत. खोली एवढीशी, पण माळ्यावर पत्र्याची पेटी. पेटीत भाकरीचं पीठ असेल असं आम्हाला वाटलं. काकांनी ती खाली काढली तर आत जुने अंक!

ते दुकानात मिळतात तसले मासिकाचे अंक नव्हते. काका म्हणाले, ही अनियतकालिकं. म्हणजे ज्याला वेळापत्रक नाही असं. पैसे जमले, मजकूर जमला, की अंक निघणार. नाही जमलं तर नाही. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. आपलं पत्रकही महिन्याचं म्हणून सुरू झालं आणि भात लावणीत तीन महिने गायब असतं. आपलंही अनियतकालिकच की.

काकांनी त्यांची हकीकत सांगितली. १९५४-५५च्या सुमाराला मुंबईत अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ अशा तरण्या पोरांनी 'शब्द' नावाचा अंक काढला. तो सायक्लोस्टाईल केलेला होता. तेच यंत्र, तीच शाई, आपल्या बोटांना लागते तीच. त्यांच्या कविता मोठ्या मासिकांच्या चौकटीत बसत नव्हत्या. मग अशोक शहाणे यांनी १९६३ला 'असो' काढला. मग 'फक्त', 'येरू', 'विद्रोह' अशी किती तरी. छापायला कुणाची परवानगी नको, जाहिरात नको. त्यांतल्याच काही लोकांनी पुढे १९७२ला दलित पँथर उभी केली. राजा ढाले, नामदेव ढसाळ यांची नावं तुम्ही मोर्च्यात ऐकली आहेत. ढसाळ टॅक्सी चालवायचे. आपल्या अंकांत लिहिणारा माणूस टॅक्सीही चालवतो, हे ऐकून आम्हाला धीर आला.

दुसऱ्या दिवशी काका आम्हाला चालत परळला पोयबावडीला घेऊन गेले. म्हणाले, ही पोरं पहिली नव्हेत. तिथे हरारवाला बिल्डिंगमध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या 'मूकनायक'ची कचेरी होती. ३१ जानेवारी १९२०ला पहिला अंक निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊन छापा म्हटलं, तरी 'केसरी'ने छापली नाही. आणि त्याच्याही आधी नारायण मेघाजी लोखंडे. त्यांनी १८८०ला 'दीनबंधु' मुंबईत आणला आणि गिरणी कामगारांचं दुःख त्यात लिहिलं. गिरणीला रविवारची सुट्टी मिळाली १८९०ला. ती लोखंड्यांच्या चळवळीने. म्हणजे पत्रक आणि मोर्चा हे दोन बैल एकाच नांगराला जुंपलेले. एक बसला की तास वाकडं जातं.

तिथून गाडीने चर्नी रोड, आणि गिरगावात खटाववाडी. अरुंद गल्ली. इथून 'सत्यकथा' मासिक निघायचं. मोठं नाव. त्यात छापून आलं की माणूस लेखक झाला असं धरत. १९६९ला राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी त्या कचेरीसमोर 'सत्यकथे'चा अंक जाळला.

तिथे उभं राहून आमच्या चौघांत भांडण लागलं. एक भाऊ म्हणाला, बरोबर केलं. दारात उभंच करत नसेल तर दुसरं काय करणार? आमच्यातली एक बहीण म्हणाली, जाळलं की समोरचा वाचणार कसा? काका मध्ये पडले नाहीत. त्यांनी फक्त एवढं सांगितलं, की गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक याच घराने, मौज प्रकाशनाने, १९७०ला छापलं. १९४५चं आपलं वारल्यांचं बंड, वेठबिगारी मोडली ती सगळी कथा त्यात आहे. आपले आजे-पणजे त्या पुस्तकात आहेत. अंक जाळला त्याच्या पुढच्याच वर्षी! आम्ही गप्प झालो. दारावर राग धरायला कारण असतं. पण घरातून काय काय बाहेर पडलं तेही बघावं लागतं. न वाचता जाळणं सोपं, आणि न वाचता डोक्यावर घेणं त्याहून सोपं.

रात्री आम्ही पेटीतले अंक वाचायला बसलो. आता खरं सांगतो. आम्ही चौघे बारावीपर्यंत शिकलेले, तरी अर्धं आम्हाला कळलं नाही. काकांना विचारलं. ते म्हणाले, "मलाही सगळं नाही कळलं पोरांनो. पण कुणाला न विचारता काढलंय म्हणून जपून ठेवलंय." आम्ही बोटाने नावं मोजत गेलो. आमच्या हातातल्या अंकांत बायांची नावं शोधून काढावी लागली. बरेच अंक असे, की लिहिणारे आणि वाचणारे एकमेकांना ओळखणारेच असावेत. खाली रस्त्यावर गिरणीचा भोंगा वाजत असेल तेव्हा ते अंक किती साचेवाल्यांच्या हातात गेले असतील? काकांसारखा एखादा. हे आम्ही त्यांना नावं ठेवायला म्हणत नाही. त्यांनी दार उघडलं. पण स्वतः छापलं म्हणजे आपोआप सगळ्यांचं झालं, असं होत नाही. एवढं त्या पेटीने शिकवलं.

मग काका म्हणाले, "तुमचं दाखवा." आम्ही दिवाळीनंतरचा अंक दिला. त्यांनी चष्मा लावला, तांबडी पेन्सिल घेतली आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. इतकं सावकाश आपलं पत्रक कुणी वाचताना आम्ही बघितलं नव्हतं. म्हणाले, पहिल्या पानावर पाच नावं, पाचही पुढाऱ्यांची. ज्या बाईचा प्लॉट उद्ध्वस्त केला तिचं नाव का नाही, 'एक आदिवासी महिला' काय? म्हणाले, 'अतिक्रमण' हा शब्द तुम्हीच तुमच्या जमिनीला का लावता? म्हणाले, दुसऱ्या पानावर मोर्च्याला हजारो लोक लिहिलंय, मोजले कुणी? आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी पेन्सिल टेकवून म्हणाले, "हे वाक्य अर्धं राहिलंय. 'ती नसल्यास' काय?"

आम्ही काय म्हणालो ऐका. "काका, लोकांना माहीत आहे, समजून घेतील." आणि चहा प्यायला खाली उतरलो. आम्हाला राग आला होता. दोन रात्री जागून, खिशातले पैसे घालून अंक काढायचा, आणि हे चुका काढतात!

गावाला आल्यावर पंधरा दिवसांनी एका पाड्यावर बैठक होती. तिथल्या अकरा घरांनी अर्जच दिला नव्हता. आम्ही विचारलं, का नाही दिला? तर एक आजी उठली. म्हणाली, "तुमच्या कागदात लिहिलंय, पावती पाहिजे. आमच्याकडं कुठली पावती? गार्ड यायचा, कोंबडा घेऊन जायचा. कोंबड्याची पावती कोण देतो?" आम्ही म्हटलं, आजी, पावती नसली तरी चालतं. तर ती म्हणाली, "सहावीतला पोरगा वाचत होता. 'नसल्यास' म्हणून थांबला. आम्ही समजलो, नसल्यास घरी बसा. आम्हाला आजवर सगळ्यांनी तेच सांगितलंय."

लोक समजून घेतील म्हणालो होतो. लोकांनी समजून घेतलं ते असं.

बघा, मोठ्या पेपरात चूक झाली तर तिथे संपादक असतो, तपासनीस असतो. आपल्याकडे कोण? स्वतःचं छापण्यात हीच मजा, आणि हाच धोका. अडवणारा कुणी नसतो, तसा सावरणाराही कुणी नसतो. मग ते काम वाचणाऱ्याचं आणि ऐकणाऱ्याचं. त्या पोराने 'नसल्यास'वर थांबून विचारलं असतं, "पुढचं कुठे गेलं?" तर अकरा घरं वाचली असती. पण छापलेल्याला विचारायची सवय आपल्याला कुणी लावली? नोटीस आली की अंगठा, पंचनामा आला की अंगठा. आम्ही पत्रक काढलं, तेही नोटिशीसारखंच तुमच्या हातात ठेवलं. हा दोष आमचा.

म्हणून गटाने ठरवलं आहे आणि शिबिरापुढे ठेवतो.

एक, स्टेन्सिल कापायच्या आधी मजकूर हाताने लिहून तीन पाड्यांवर वाचून दाखवायचा. ऐकणाऱ्यांत निदान अर्ध्या बाया पाहिजेत. कळलं नाही असं कुणी म्हटलं तर शब्द बदलायचा, माणूस नाही.

दोन, प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर, मथळ्याच्या खालीच, मागच्या अंकातली चूक छापायची. शेवटच्या पानावर नाही. लाज वाटली तरी तिथेच.

तीन, वाचताना कुणीही हे विचारायचं : हे कुणी बघितलं? कुणी मोजलं? कुणाचं नाव सुटलं? वाक्य पुरं आहे का? हे विचारणारा चळवळीच्या विरोधात आहे असं म्हणायचं नाही. आम्ही म्हटलं तर आम्हाला बसवा.

चार, टीका समोर करायची, अंक हातात धरून, ओळीवर बोट ठेवून. पाणवठ्यावर "पत्रकात काय दम नाही" म्हटलं तर आम्हाला काय दुरुस्त करायचं ते कळत नाही.

त्या अकरा घरांचे अर्ज आम्ही आता भरून दिले आहेत. आजीने स्वतः जबाब दिला. कोंबड्याचंही त्यात लिहिलं आहे, कोणत्या सालच्या पावसात कुठला बांध घातला तेही. उशीर झाला म्हणून आधी घेत नव्हते. दोन दिवस कचेरीच्या दारात बसलो तेव्हा पोच मिळाली. घेतलेला अर्ज मानतील का, ते अजून कळलेलं नाही. नाही मानला तर ते आमच्या एका ओळीमुळे, हे आम्ही विसरणार नाही, आणि तुम्हीही विसरू देऊ नका.

लालबागच्या काकांना आम्ही पत्र टाकलं आहे. तुमची तांबडी पेन्सिल बरोबर होती, असं लिहिलं. हा अंकही त्यांना पाठवणार आहोत. पण त्यांच्या आधी तो तुम्ही वाचायचा आहे. चूक सापडली तर निरोप द्या. नाही सापडली तर पुन्हा एकदा वाचा.

जिंदाबाद!