टू-स्ट्रोक गाडी : आधी दुरुस्ती, मग ताकद



आज पिकाचा विषय बाजूला ठेवून दाराशी उभ्या असलेल्या गाडीबद्दल बोलू या. राजदूत, जुनी येझदी, यामाहा आरएक्स-१०० या टू-स्ट्रोक मोटारसायकलींचं उत्पादन कधीच थांबलं. आरएक्स-१०० तर १९९६ साली बंद झाली. तरी काही वस्त्यांवर या गाड्या अजून दुधाचे कॅन डेअरीवर पोचवतात. गाडी चढावर दमायला लागली, की घरातली तरुण मंडळी म्हणतात, "मोठा कार्बोरेटर बसवू, सायलेन्सर बदलू, सिलिंडर मोठा करू." त्यांना एवढंच सांगायचं आहे, की आधी इंजिन पूर्ण दुरुस्त करा. थकलेल्या बैलाला पराणी टोचली म्हणून तो जास्त ओढत नाही. तो खालीच बसतो.

याचं कारण समजून घ्या. टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी खालच्या क्रँककेसमध्ये येतं. पिस्टन वर गेला, की ते आत ओढलं जातं. पिस्टन खाली आला, की दाबानं वर सिलिंडरात ढकललं जातं. म्हणजे क्रँककेस हा एक पंपच झाला. विहिरीवरच्या पंपाच्या सक्शन पाइपात हवा शिरली, तर पंप पाणी सोडतो ना? तसंच इथं होतं. झिजलेल्या ऑइल सीलमधून हवा शिरली, की पेट्रोलचं प्रमाण कमी पडतं, इंजिन तापतं, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरात जाम होतो. मिस्त्री याला 'सीझ झालं' म्हणतात. चालत्या गाडीत असं झालं, तर मागचं चाक अडकून गाडी घसरते. अशा इंजिनावर ताकदीचे भाग चढवले, तर उष्णता वाढते आणि हा धोका आणखी जवळ येतो. प्रश्न नुसत्या खर्चाचा नाही, जिवाचाही आहे. इंजिन अडखळल्यासारखं वाटलं, की लगेच क्लच दाबा.

आता इंजिन खोलण्याआधीची लक्षणं पाहू.

१. किक हलकी लागते, दाब जाणवत नाही : रिंग किंवा सिलिंडर झिजला आहे.

२. मूठ सोडली तरी इंजिनाचा वेग लवकर उतरत नाही, प्लग पांढरट दिसतो : हवा शिरते आहे. मॅग्नेटोकडचं सील तपासा.

३. धूर फार येतो आणि गिअरचं तेल कमी होत जातं : क्लचकडचं सील गेलं आहे.

४. खालून ठक-ठक आवाज येतो : कनेक्टिंग रॉडचं किंवा क्रँकचं बेअरिंग सैल झालं आहे.

इंजिन खोललं, की काम अर्धवट ठेवू नका. नुसती रिंग बदलून वेळ मारून नेली, तर झिजलेल्या सिलिंडरात नवी रिंगही टिकत नाही. लेथवाल्याकडून सिलिंडरचं माप घ्या. नवा पिस्टन आधी आणा आणि त्याच्या मापानं रिबोर करून घ्या. ओव्हरसाइझ पिस्टन साधारण पाव मिलिमीटरच्या पायरीनं मिळतात; कमीत कमी जेवढं लागेल तेवढंच कापा, म्हणजे सिलिंडर पुढच्या वेळेलाही उपयोगी पडेल. रिबोर झाल्यावर सिलिंडरातल्या छिद्रांच्या धारदार कडा किंचित मोडून घ्याव्यात, नाहीतर रिंग अडकते.

कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून पाहा. तसा खेळ जाणवला, तर क्रँकचं काम करावंच लागेल. बाजूला थोडा खेळ असतोच, त्याला घाबरू नका. क्रँक बाहेर काढलाच असेल, तर दोन्ही ऑइल सील आणि गॅस्केट नवीनच घाला. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला हवा. सायलेन्सर आणि धूर जाण्याचं छिद्र यांत साचलेला कार्बन खरवडून काढा. पुष्कळदा गेलेली ताकद तिथंच अडकलेली असते.

राजदूतसारख्या गाडीत तेल पेट्रोलमध्ये मिसळावं लागतं. आरएक्स-१०० मध्ये तेलाची टाकी आणि पंप वेगळा असतो. त्या पंपाची केबल बरोबर लावली आहे ना, ते पाहा. तेल टू-स्ट्रोकचंच आणि प्रमाण गाडीच्या पुस्तकाप्रमाणेच ठेवा.

दुरुस्तीनंतर पहिले ५०० ते १००० किलोमीटर गाडी जपून चालवा. कॅनचं ओझं कमी ठेवा, मूठ पूर्ण पिळू नका आणि एकाच वेगानं लांब पळवू नका. एवढं झाल्यावर चढावर गाडी चालवून पाहा. बहुतेक वेळा आणखी काही करायची गरजच उरत नाही. तरी ओढ कमी वाटली, तर पुढच्या स्प्रॉकेटचा एक दात कमी करा. वेग थोडा उतरतो, पण ओढ वाढते. कार्बोरेटर किंवा सायलेन्सर बदलायचाच असेल, तर एका वेळी एकच बदल करा, जेट त्याप्रमाणे बदला आणि प्लगचा रंग बघा. विटकरी-तपकिरी रंग ठीक. पांढरा दिसला, तर गाडी थांबवा. मोठा सिलिंडर बसवण्याआधी आरटीओत चौकशी करा. नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२ प्रमाणे चालत नाही.

पाठीवरच्या टू-स्ट्रोक फवारणी पंपालाही हाच नियम लागू आहे. फवारा कमी पडला, तर आधी रिंग, सील आणि कार्बन तपासा; मगच मोठ्या पंपाचा विचार करा.